मोतीबिंदूवाल्याचे डोळे

शाल अजून खुंटीवर लटकतेय. कमल, माझी बायको, घडी घालून ट्रंकेत ठेवायला निघाली होती. मीच म्हटलं, राहू दे. आता येता-जाता ती दिसते आणि माझं डोकं उठतं. लोक मला चांगला माणूस म्हणतात ना — त्याचा वीट आलाय मला. अक्षरशः वीट. आणि तो का आलाय, हे आजवर एकाही माणसाला माहीत नाही. कमललाही नाही. दारू मी पीत नाही, त्यामुळे तेवढ्या निमित्तानंही कधी तोंडातून निसटलं नाही. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. बहुतेक म्हणूनच तुमच्यापुढे बसलोय.

सरळ सांगून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. दोन वाक्यांचं काम आहे. पण ती दोन वाक्यं आली की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागतो — हे आत्ता करतोय तसंच. तर आधी दत्तूचं सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दत्तू निघोज्याचा. चाकणच्या बाजूला, इंद्रायणीकाठी गाव आहे. पिंपरीत कारखाने धडाधड उभे राहत होते तेव्हा तो सायकल मारत मोशीवरून यायचा, आणि मी जामखेडहून आलेला, कोणाची ओळख ना पाळख. आम्ही दोघं एकाच कंपनीत ग्राइंडिंगला लागलो. शेजारशेजारची मशीनं. माझा डबा तो खायचा, त्याचा मी. पुढे त्यानं लग्न करून आमच्याच चाळीत खोली घेतली. कंपनीचं नाव विचारू नका, त्याचा इथं काही संबंध नाही.

दत्तूचा डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेलेला. दिसायला बरा दिसायचा, पण उपयोग शून्य. मग भरतीच्या तपासणीतून हा पठ्ठ्या सुटला कसा? डॉक्टर म्हणाले, एक डोळा झाक, पाटी वाच. यानं डाव्या हातानं डावा डोळा झाकला, वाचली. डॉक्टर म्हणाले, आता दुसरा. यानं उजव्या हातानं पुन्हा डावाच झाकला. हात बदलला, डोळा तोच! डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. हे तो आम्हाला कँटीनमध्ये उठून करून दाखवायचा आणि आम्ही पोट धरधरून हसायचो.

ग्राइंडिंगला डोळ्यात लोखंडाचा किस जाणं रोजचंच. चाक फिरतंय, ठिणग्या उडतायत, गॉगल दिलेले असायचे — पण घामानं त्यावर वाफ धरायची, मग काय दिसणार कप्पाळ? गॉगल कपाळावर सरकवायचा आणि काम करायचं. सगळेच करायचे. किस गेला की फर्स्ट एडला जायला कोणी तयार नसे. तिथं गेलं की अपघात म्हणून नोंद, फोरमनची बोलणी, खात्याच्या फळ्यावर लिहिलेले बिनअपघाताचे दिवस पुन्हा शून्यापासून सुरू. त्यापेक्षा आपल्यातलाच एकजण काडेपेटीतली काडी घ्यायचा, तिच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, पापणी उलटी करायचा आणि किस टिपून घ्यायचा. आमच्या खात्यात ते काम माझ्याकडे होतं. हात स्थिर होता माझा. सगळे मला 'डॉक्टर' म्हणायचे. अजूनही म्हणतात, तेवढीच माझी डिग्री.

दत्तूच्या उजव्या डोळ्यात किस गेला, तेव्हा मी त्याला म्हटलं, या वेळी फर्स्ट एडला जा, खोल बसलाय. तो म्हणाला, "येडा का खुळा राव तू? तिथं गेलो की दोन्ही डोळं बघत्यात. डाव्याचं समजलं की घरी बसवत्यात. काढ तूच." मी काढला. निघाला किस, पण निघताना बुबुळावर ओरखडा उठला. डोळा लाल झाला, सुजला. कोणी म्हणालं मध घाला, कोणी म्हणालं बाळंतिणीचं दूध घाला. हौसानं, त्याच्या बायकोनं, सगळं घातलं. शेवटी पू झाला तेव्हा पुण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडलं. पांढरं, अपारदर्शक. उजेड आणि सावली, एवढंच त्याला उरलं.

तुम्हाला वाटलं असेल, हेच माझं पाप. नाही हो. हे तर सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः फोरमनला जाऊन सांगितलं, रडलो, दत्तूच्या पाया पडायला गेलो. त्यानं उलट मलाच शिव्या घातल्या — मी काढ म्हटलं म्हणून काढलास, आता रडतोस कशापायी? कंपनीनं त्याला सायकल स्टँडवर बसवलं. पितळी बिल्ल्यावरचा आकडा बोटानं चाचपून तो बिनचूक सायकल द्यायचा. हे जगजाहीर आहे. जे जगजाहीर नाही, ते पुढचं आहे.

इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यावर उपाय आहे. मेलेल्या माणसाच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा काढून याच्या डोळ्यावर बसवता येतो. पण डोळा मिळाला पाहिजे. आणि तो माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत काढला पाहिजे. झालं — मी पिसाटलो. दुसरा शब्द नाही. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या पायरीवर उभा राहून बोलायचो, गणपतीत मांडवातला माईक हिसकावून बोलायचो. घरोघर जाऊन नेत्रदानाचे फॉर्म भरून घ्यायचो.

आणि लोक! अहो, काय डोकं पिकवलंय लोकांनी माझं! एक म्हणायचा, पुढच्या जन्मी आंधळा झालो म्हणजे? मी म्हणायचो, मागच्या जन्मी तू काय होतास ते सांग आधी. दुसरा म्हणायचा, वर गेल्यावर वाट कशी दिसायची? अरे, तुला जिवंतपणी आकुर्डीची वाट सापडत नाही! तिसऱ्याची बायको म्हणाली, चेहरा विद्रूप होतो. तिला सांगितलं, बाई, पापणी मिटलेली राहते, कोणाला कळतही नाही. आणि चेहरा जाळायलाच नेताय ना? मेल्यावर डोळे काय भाजून खाणार आहात? असं बोलायचो मी. तोंडावर. चीड यायची मला. राखेत जाणारी वस्तू, तिकडे एक माणूस त्यासाठी चाचपडत बसलाय, आणि ह्यांना पुढच्या जन्माची पडलीय.

एकदा तर मी हद्द केली. आमच्या खात्यातल्या पवारची बायको गेली, बाळंतपणात. तिनं मरणाआधी स्वतःहून फॉर्म भरला होता. पवार भिंतीला डोकं टेकून बसलेला आणि मी त्याच्या कानाशी — पवार, वेळ जातोय, हो म्हण. मी पुन्हा, हो म्हण. तिची आई हंबरडा फोडत होती. मी म्हटलं, मावशी, रडून ती येणार आहे का? तिचे डोळे तरी राहतील. शेवटी पवारनं मान हलवली. पुण्याहून डॉक्टर आले, काम करून गेले, जाताना त्यांच्या हातात एक काचेची बरणी होती. ती मी पाहिली. दोन माणसांना त्या डोळ्यांनी दिसायला लागलं. दत्तूचा डोळा तेव्हा अजून लाल होता, दाह होता, म्हणून त्याला नाही मिळाले. डॉक्टर म्हणाले, आता निवळला की पुढचे याला, लवकर मिळायला हवेत, उशीर झाला तर फुलात रक्तवाहिन्या वाढतात आणि मग बसवलेला पडदा टिकत नाही.

पुढचे याला. हे शब्द दत्तूनं ऐकले, हौसानं ऐकले, मी ऐकले. माझे वडीलही ऐकत होते — आबा.

आई गेल्यावर आबा गावाकडून माझ्याकडे राहायला आले होते. शहरात करमायचं नाही, मग दिवसभर सायकल स्टँडवर दत्तूपाशी जाऊन बसायचे. दोघांची गट्टी जमली. बिडी ओढत पावसापाण्याच्या गप्पा. आबांना मोतीबिंदू झालेला, पण हे त्यांनी माझ्याखेरीज कोणाला कळू दिलं नव्हतं. सुनेलासुद्धा नाही. दिसत नाही म्हटलं की एकट्यानं बाहेर पडू देणार नाहीत, हा त्यांचा हिशेब. तर आबा एक दिवस दत्तूला म्हणाले, "माझं घे रं. जुनं हायेत, पर अजून कामाचे हायेत." दत्तू म्हणाला, "आबा, तुमी शंभर वरसं जगा. मला घाई न्हाई." हसले दोघं.

पण आबांनी ते मनावर घेतलं. मला म्हणाले, मला घेऊन चल डॉक्टरकडं. गेलो. बाकावर बसून त्यांनी हळू आवाजात विचारलं, मला मोतीबिंदू हाय, मग माझं डोळं चालतील का? डॉक्टर हसले. म्हणाले, आबा, मोतीबिंदू आतल्या भिंगाला झालाय. आम्हाला पुढची काच हवी असते, ती तुमची स्वच्छ आहे. चष्मेवाल्यांचेही चालतात, म्हाताऱ्यांचेही चालतात. आबांनी तिथल्या तिथं फॉर्मवर अंगठा उठवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ते मोतीबिंदूचं घरी बोलू नको हां.

हे नीट लक्षात ठेवा. डॉक्टर चालतात म्हणाले होते. माझ्यासमोर म्हणाले होते. माझा काही गैरसमज झाला, मी कुठं चुकीचं ऐकलं — असलं काही नाही. तेवढीही पळवाट नाही मला.

आबा गेले ते सकाळी, मी पहिल्या पाळीला असताना. चहा पिऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. शेजाऱ्यानं गेटवर निरोप आणला, मी धावत घरी आलो. आणि कमलनं काय करून ठेवलं होतं, सांगू? पंखा बंद. उशीनं डोकं थोडं उंच केलेलं. पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवलेला. मीच अख्ख्या चाळीला शिकवलं होतं ना — डोळे वाळू द्यायचे नाहीत, इस्पितळाची गाडी येईपर्यंत कापूस ओला ठेवायचा. तिनं सगळं पाठ केलं होतं. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि वाटीतल्या पाण्यानं कापूस भिजवतेय. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "फोन करून या आधी. वेळ नका घालवू."

कोणी अडवलं नाही मला. भावकी गावाकडे, ती यायला संध्याकाळ होणार. शेजारपाजारचे माझ्या तोंडाकडे बघत बसून होते. एखादा चुलता आडवा आला असता, कोणी म्हातारी ओरडली असती, तर किती बरं झालं असतं! त्यांच्या नावानं खडे फोडून मोकळा झालो असतो. पण नाही. सगळ्या कॉलनीत मीच एवढा बोंबललो होतो की कोणाची टाप नव्हती नाही म्हणायची.

फोन कंपनीच्या टाइम ऑफिसात होता, तिथं गेलो. टाइमकीपर उठून बाहेर गेला, मला एकट्याला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून. नंबर मला तोंडपाठ. रिसीव्हर उचलला. कानाला लावला. आत तो सूर वाजत राहतो ना, तो ऐकत उभा राहिलो. आणि मला ती बरणी दिसली. बस. रिसीव्हर खाली ठेवला.

का? तुम्ही विचारणार. मीही कितीदा विचारलंय. आबांचे डोळे बरणीत जातील म्हणून? ते मला ओळखणार नाहीत म्हणून? मेलेला माणूस ओळखतो का? हे मीच लोकांना ओरडून विचारत होतो. पवारच्या बायकोचे डोळे चालले तुला आणि आपल्या बापाचे नाही? काय कारण सांगू? काहीही सांगितलं तरी ती सबबच होणार. नाही केला फोन. एवढंच.

घरी येऊन कमलला म्हटलं, केला. ती कापूस भिजवत राहिली. गाडीची वाट बघत. मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो होतो आणि ती दर थोड्या वेळानं वाटीत बोटं बुडवून आबांच्या डोळ्यांवर पाणी सोडत होती. एकदा मला म्हणाली, पुण्याहून यायला एवढा वेळ लागतो? माझी जीभ त्या वेळी हलली असती तर अजून वेळ होता. अजून दोनदा फोन करून आलो असतो इतका वेळ होता.

मग दत्तू आला. हौसाच्या खांद्यावर हात ठेवून. त्याला सायकल स्टँडवरच कळलं होतं, पण तो सरळ आला नव्हता. घरी जाऊन आंघोळ केली होती. धुतलेला सदरा, केस तेल लावून चापून बसवलेले. आणि हौसाच्या हातात पिशवी. पिशवीत टॉवेल, पेला, ताट, अंगावर घ्यायला चादर. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं ना, डोळे आले की लगेच दाखल व्हायला या. ती पिशवी त्यांनी दारातच, चपलांपाशी, कोणाला दिसणार नाही अशी ठेवली. लाज वाटत होती त्यांना. माझा बाप गेलेला आणि आपण पिशवी घेऊन आलो, याची त्यांना लाज वाटत होती!

दत्तू माझ्याजवळ येऊन बसला. माझा हात शोधून हातात घेतला. एक अक्षर विचारलं नाही त्यानं. रडला मात्र — आबांसाठी, खरं रडला. आणि मी, मला ती पिशवी सहन होईना. मला वाटलं, आता हा विचारेल, गाडी कधी येणार. त्याच्या आधीच मी बोलून गेलो. म्हणालो, "दत्तू, डॉक्टर नाही म्हणाले रे. आबांना मोतीबिंदू होता ना, मोतीबिंदूवाल्याचे डोळे चालत नाहीत."

हे ते. हेच ते दोन वाक्यांचं काम.

आबांनी जे जपून ठेवलं होतं, तेही मी चारचौघांत फोडलं, आणि तेसुद्धा खोटं बोलण्यासाठी. कमलचा हात वाटीत तसाच राहिला. मग तिनं कापूस काढला आणि पदरानं आबांचे डोळे पुसले. दत्तूनं माझा हात दाबला. मग म्हणाला, "असू दे राव. तू तरी काय करनार? तू तर फोन केलास ना." वर मलाच थोपटलं. पवनेच्या घाटावर न्यायला निघालो तेव्हा त्यानं खांदा दिला, दुसरा एकजण त्याला हाताला धरून चालवत होता. हौसा पिशवी घेऊन घरी गेली.

इथं थांबलं असतं तरी मी एका माणसाचा गुन्हेगार राहिलो असतो. पण खोटं इथं थांबलं नाही. ते मी बोललो होतो ना — 'डॉक्टर' बोलला होता! आठवड्याभरात सगळ्या कॉलनीला माहीत. मोतीबिंदू असेल तर चालत नाही. मग त्याला शेपूट फुटलं — चष्मा असेल तरी चालत नाही. मग साखर असेल तरी नाही. पन्नाशी उलटली तरी नाही. आता मला सांगा, मरतं कोण? म्हातारेच ना बहुतेक? आणि कोणत्या म्हाताऱ्याला मोतीबिंदू किंवा चष्मा नसतो? माझ्या एका वाक्यानं सगळी चाळच्या चाळ बाद झाली.

लोकांना तर बरंच झालं. नकाराला कारण हवंच होतं, ते मीच घरपोच दिलं. आता पुढच्या जन्माची भानगड नाही, वाट दिसण्याची भानगड नाही. तोंड पाडून म्हणायचे, आमची फार इच्छा होती हो, पण आईला चष्मा होता. तुम्हीच म्हणाला होतात ना डॉक्टर? आणि मी मान हलवायचो. मान! काय झालं असतं 'नाही, चालतात' म्हटलं असतं तर? कोणीतरी म्हणालं असतं, मग आबांचे का नाही घेतले? एवढंच. एवढ्याची भीती. तरी फॉर्म भरून घेणं मी सोडलं नाही, भाषणं सोडली नाहीत, उलट जास्तच जोरात. फक्त म्हाताऱ्यांच्या घरी जाईनासा झालो. तरुण, धडधाकट माणसांचेच भरून घ्यायचो. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि सगळ्यात जास्त कोण सांगायचं हे, ठाऊक आहे? दत्तू. सायकल स्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्याला. आमच्या चाळीतल्या शिंप्याची आई गेली तेव्हा तो शिंपी बिचारा स्वतःहून दत्तूकडे आला होता. म्हणाला, दत्तूभाऊ, आईचे डोळे तुम्हाला देऊ का? मी तिथंच उभा होतो, चहाचा पेला हातात. दत्तूनं विचारलं, "चष्मा हुता का म्हातारीला?" शिंपी म्हणाला, होता. दत्तू म्हणाला, "मग न्हाई चालत भाऊ. उगा मयताची हेळसांड कशाला करता? जावा, नीट न्या तिला." शिंप्यानं हात जोडले आणि गेला. मी चहा पीत होतो. पेला रिकामा होईपर्यंत प्यायलो.

स्वतःच्या तोंडानं त्यानं स्वतःचा डोळा परत पाठवला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभा. याला काय म्हणतात? मला शब्द सापडत नाही आणि मला शब्द शोधण्याचाही राग येतो.

पुढे डॉक्टरांनी दत्तूचा डोळा तपासला आणि म्हणाले, आता उपयोग नाही, रक्तवाहिन्या फार वाढल्यात. नोकरी सोडून तो निघोज्याला गेला. ओट्यावर बसतो, सुतळी वळतो. दिवाळीला मी जातो, फराळ नेतो. हौसा चहा करते. तो मला रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांचं सांगतो, गावातलं सांगतो, हसतो. मी मोशीपर्यंत परत येईस्तोवर स्वतःला शिव्या घालत येतो आणि घरी आल्यावर जेवायला बसतो.

आता शालीचं सांगतो आणि संपवतो. गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या पूजेला त्यांनी माझा सत्कार ठेवला. नेत्रदानाच्या कार्याबद्दल. नको म्हटलं, चारदा म्हटलं, ऐकतात कुठे? विनय समजतात त्याला! वर कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की शाल दत्तूच्या हातून घालायची. निघोज्याहून टेम्पोतून आणला त्याला. हार, नारळ, माईक, सगळा थाट. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. दत्तू शाल घेऊन पुढे आला आणि माझे खांदे चाचपायला लागला. हात वर गेले. मानेला लागले, गालाला लागले, आणि माझ्या चष्म्याला लागले. यंदाच लागलाय मला चष्मा. डोळ्यांत मोतीबिंदूही सुरू झालाय, म्हणतात.

दत्तूचे हात चष्म्यावर थांबले. मग तो मोठ्यांदा हसला. माईक समोरच होता, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "आरं तिच्या! डॉक्टर, तुमाला चष्मा? मंग तुमचं बी न्हाई चालायचं की हो!" सगळे हसले. कमल हसली. खोटं नाही सांगत, मीही हसलो. दत्तूनं शाल घातली आणि म्हणाला, "असू द्या. तुमी लोकांचं लई केलंय."

मग त्यांनी माईक माझ्या हातात दिला. चाळीतले सगळे समोर बसलेले, पवार होता, शिंपी होता. बरेचसे आता चष्म्यात. दत्तू माझ्या दंडाला धरून उभा. मी म्हणालो, आभारी आहे. नारळ घेतला आणि खाली बसलो.

हे मी तुम्हाला सांगितलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

चालतात. मोतीबिंदू असला तरी डोळे चालतात. चष्मा असला तरी चालतात, म्हातारपणीही चालतात. माझे चालतील, त्या शिंप्याच्या आईचे चालले असते. आबांचे चालले असते. दत्तू आंघोळ करून, पिशवी भरून आला होता.